आचार्य धर्मानंद कोसंबी : बोधाचा ध्यास आणि घरची माणसे

आपल्या संस्थेच्या वार्षिक अंकात ज्ञातीत होऊन गेलेल्या एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र द्यावे, असा प्रघात पडून गेलेला आहे. यंदा आचार्य धर्मानंद कोसंबी यांचे चरित्र लिहिण्याचे काम मजकडे आले, तेव्हा आनंद झाला, तसाच थोडा संकोचही वाटला. ज्या पुरुषाने ज्ञातीची बंधने ऐन पंचविशीत मागे टाकली, भिक्षूचे चीवर अंगावर घेतले आणि उतारवयात परळच्या कामगार वस्तीत बहुजनांसाठी विहार उभारला, त्यास आपण ज्ञातिभूषण म्हणून मिरवावे काय, हा प्रश्न मनात आल्यावाचून राहिला नाही.

संकोचाचे दुसरे कारण घरगुती आहे. माझ्या लहानपणी आमच्या घरी कोसंबींचे नाव निघाले म्हणजे दोन तट पडत. आजोबांच्या मते ते बुद्धाच्या वाटेने गेलेले ज्ञानी पुरुष. आजीचे म्हणणे एवढेच की, तान्ही मुलगी पदरात असलेल्या बायकोला मागे ठेवून जे मिळवावयाचे, ते कसले ज्ञान! आजी रोज तिन्हीसांजा तुळशीपुढे पणती लावी, अडचणीच्या वेळी कुलदेवतेला प्रसाद लावी आणि मिळेल त्या कौलाप्रमाणे वागे. तिच्या लेखी प्रकाश तेवढाच होता आणि तो तिला पुरत असे. दोघेही ज्ञान हाच शब्द वापरीत आणि तो दोघांच्या तोंडी अगदी निराळा असे, हे मला फार उशिरा उमगले. प्रस्तुत चरित्र लिहिताना आजोबांप्रमाणे आजीचा प्रश्नही मी डोळ्यांआड केलेला नाही.

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील साखवाळ या गावी झाला. वडिलांचे नाव दामोदर, आईचे आनंदीबाई. साखवाळचे देव सोळाव्या शतकातच पोर्तुगीजांच्या भयाने गाव सोडून गेले होते; लक्ष्मीनृसिंह वेलिंगला आणि विजयादुर्गा केरीला. देव फोंडे महालात आणि भक्त साखवाळात, अशा त्या गावात हा मुलगा वाढला. घरी नारळाची बाग होती. शिक्षण गावच्या मराठी शाळेत आणि तेही तुटक तुटक झाले. प्रकृती अशक्त, स्वभाव विचारी. १८९१ साली, त्या काळच्या रीतीप्रमाणे पंधराव्या वर्षी, लाड घराण्यातील बाळाबाई यांच्याशी त्यांचा विवाह झाला. बागेची देखरेख करावी, पाडेली माडावर चढला म्हणजे खाली उभे राहून नारळ मोजून घ्यावेत आणि असेच आयुष्य काढावे, एवढेच पुढ्यात दिसत होते. मन मात्र उदासीनतेने ग्रासलेले असे.

त्या उदासीनतेत त्यांना पहिला आधार मिळाला तो तुकोबांच्या गाथेचा. पुढे १८९७ च्या सुमारास विनायक कोंडदेव ओक यांच्या बालबोध मासिकात आलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्यांच्या वाचनात आले. बालबोध हे मुलांसाठी निघणारे मासिक. त्यातील चार-दोन पानांचा मजकूर असंख्य घरांतून वाचला गेला असेल आणि तेवढ्यावरच विसरला गेला असेल. धर्मानंदांच्या मनाने मात्र असे घेतले की, आपल्या दुःखावर औषध असेल तर ते या पुरुषापाशी आहे आणि त्याला जे कळले ते आपल्याला कळल्यावाचून जगण्यात अर्थ नाही. पाली भाषा त्यांना येत नव्हती, संस्कृत येत नव्हते, आणि गोव्यात बौद्ध धर्म शिकविणारा कोणी असण्याचा संभवच नव्हता.

१८९९ च्या अखेरीस त्यांनी घर सोडले. तेव्हा त्यांचे वय तेवीस वर्षांचे होते आणि मुलगी माणिक हिचा जन्म त्याच वर्षातला. येथे आजीची बाजू मांडणे मला कर्तव्य वाटते. कपिलवस्तूच्या राहुलाप्रमाणे हेही मूल नुकते जन्मलेले होते; परंतु यशोधरेवर काव्ये झाली, तशी बाळाबाईंवर झाली नाहीत. पुढील सहा-सात वर्षे पतीचा ठावठिकाणा कधी कळावा, कधी न कळावा, अशा स्थितीत त्यांनी ते मूल वाढविले. धर्मानंदांचे निवेदन हे आत्मचरित्र मराठीतील उत्तम आत्मचरित्रांपैकी एक आहे. बाळाबाईंचे आत्मचरित्र नाही.

प्रथम ते पुण्यास गेले. तेथे डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी त्यांना मार्गदर्शन केले. संस्कृताच्या अध्ययनासाठी ते काशीस राहिले. काशीत अन्नछत्रात जेवावे आणि शास्त्र्यांपाशी बसून पाठ घ्यावा, असा त्यांचा क्रम होता. पंडितांच्या त्या नगरीत ज्ञान म्हणजे कंठस्थ विद्या. व्याकरण आणि काव्ये यांत जो निष्णात, तो ज्ञानी. धर्मानंदांनी त्या विद्येचा कधी अनादर केला नाही, पण ते तिच्यात रमलेही नाहीत. १९०२ साली बुद्धाचा धर्म जिवंत पाहावयास मिळेल या आशेने ते नेपाळात गेले. तेथे पूजाविधींचा आणि कर्मकांडाचा पसारा पाहून त्यांची घोर निराशा झाली. नेपाळहून ते बुद्धगयेला आले. ज्या ठिकाणी सिद्धार्थाचा बुद्ध झाला, त्या ठिकाणी उभे राहूनही या तरुणाच्या हाती काही लागले नाही. लागला तो एका भिक्षूचा सल्ला : बुद्धाचे वचन शिकावयाचे असेल तर सिंहलद्वीपास जा.

त्याच वर्षी ते कोलंबोला पोहोचले. विद्योदय विद्यालयाचे प्रमुख सुमंगलाचार्य यांच्यापाशी त्यांनी श्रामणेराची दीक्षा घेतली आणि पालीचा अभ्यास आरंभिला. साखवाळहून निघाल्याला आता दोन वर्षे होऊन गेली होती, आणि बालबोधातून ज्याची ओळख झाली त्याचे शब्द प्रथमच त्याच्या परंपरेतील भाषेत त्यांच्या कानी पडत होते. पुढे ते ब्रह्मदेशात गेले. तेथे आणि हिंदुस्थानातील बौद्ध क्षेत्री त्यांनी एकांतात ध्यानाचाही अभ्यास केला. सिंहली स्थविरांच्या दृष्टीने ज्ञानाचा पाया विनयाचे काटेकोर पालन हा होता; अरण्यवासी भिक्षूंच्या दृष्टीने चित्ताची एकाग्रता. धर्मानंदांनी दोन्ही वाटांनी चालून पाहिले. आपणास साक्षात्कार झाला, अमुक दिवशी प्रकाश दिसला, असा दावा त्यांनी केलेला नाही. आपल्याकडे अनुभवाच्या बाजारात थोड्या भांडवलावर मोठी दुकाने थाटणारे पुष्कळ दिसतात. या पुरुषाने हिमालयाच्या पायथ्यापासून इरावतीपर्यंत पायपीट केली, आणि परत येऊन सांगितले ते एवढेच की, मी पाली शिकलो, ती तुम्हांला शिकवितो.

१९०६ साली ते कलकत्त्यास स्थिर झाले आणि तेथील राष्ट्रीय महाविद्यालयात व पुढे विद्यापीठात पाली शिकवू लागले. चीवर उतरले आणि संसार पुन्हा सुरू झाला. गोव्यास जाऊन ते बाळाबाईंना भेटले, त्यांना कलकत्त्यास घेऊन गेले. ३१ जुलै १९०७ रोजी मुलगा दामोदर जन्मला. सात वर्षांच्या विरहानंतर दोघांत काय बोलणे झाले असेल ते आपणास ठाऊक नाही. एवढे मात्र खरे की, बुद्ध कपिलवस्तूस परतला तो भिक्षापात्र घेऊन. धर्मानंद परतले ते घर मांडण्यासाठी. आजोबांना यात थोडी उणीव वाटे. मला ती कधी वाटली नाही.

कलकत्त्यात मान होता, पगार चांगला होता आणि आणखी वाढणार होता. पण आपण जे मिळविले ते महाराष्ट्राला दिले पाहिजे, ही तळमळ त्यांना स्वस्थ बसू देईना. सयाजीराव महाराज गायकवाडांनी त्यांना दरमहा ५० रुपये देऊ केले. अट अशी की महाराष्ट्रात कोठेही राहावे आणि वर्षाकाठी एक पुस्तक बडोदे सरकारला लिहून द्यावे. धर्मानंदांनी कलकत्ता सोडले. बायको, दोन मुले आणि ५० रुपये! बुद्ध, धर्म आणि संघ हे त्यांचे छोटेखानी पुस्तक १९१० चे. सामान्य मराठी वाचकास मूळ पालीच्या आधाराने बुद्धाची ओळख करून देणाऱ्या लेखनात त्याची गणना अगदी आरंभी करावी लागेल.

त्याच वर्षी अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठातून प्रा. जेम्स वुड्स यांच्या खटपटीने त्यांना बोलावणे आले. हेन्री क्लार्क वॉरन हा विद्वान बुद्धघोषाचार्यांच्या विसुद्धिमग्ग या ग्रंथाचे संशोधित संपादन अर्धवट टाकून १८९९ साली वारला होता. ते पुरे करावयाचे होते. योगायोग असा की, एकाने ते काम खाली ठेवले त्याच वर्षी दुसऱ्याने घर सोडले होते. हा ग्रंथ पाचव्या शतकात अनुराधपुरात रचला गेला. शील, समाधी आणि प्रज्ञा या तीन पायऱ्यांनी चित्तशुद्धी कशी साधावी, याचे इतके पद्धतशीर विवेचन थेरवादी परंपरेत दुसरे नाही. मी-माझे हा भ्रम कसा सुटतो, हेच त्यात शेवटी सांगावयाचे आहे. आणि नेमके याच ग्रंथाच्या मुखपृष्ठावर कोणाचे नाव कसे घालावे, यावरून प्रा. लॅनमन आणि कोसंबी यांचे बिनसले! १९१२ साली काम तसेच सोडून ते परतले. कोणी म्हणेल, बुद्धाचा अनुयायी नावासाठी भांडला. परंतु पाली ग्रंथांत मुरलेल्या एका हिंदी पंडिताने वर्षानुवर्षे राबावे आणि त्यास केवळ साहाय्यक म्हणून दाखवावे, हे त्यांनी निमूट सोसले असते, तर त्यात अहंकाराचा त्याग किती आणि पारतंत्र्याची सवय किती, हे ठरविणे कठीण गेले असते. पुढे समेट होऊन ते १९१८ मध्ये पुन्हा गेले, तेव्हा माणिक आणि दामोदर या दोन्ही मुलांना शिक्षणासाठी बरोबर नेले. तान्हेपणी मागे राहिलेली मुलगी या खेपेस बापाबरोबर सातासमुद्रापलीकडे गेली. माझी आजी या ठिकाणी थोडी निवळत असे.

मध्यंतरीच्या १९१२ ते १९१८ या काळात ते पुण्यास फर्ग्युसन कॉलेजात पालीचे अध्यापक होते. पु. वि. बापट यांच्यासारखे विद्वान त्यांच्या हाताखाली तयार झाले. नंतर गांधीजींच्या गुजरात विद्यापीठात काम, १९२९ मध्ये लेनिनग्राडची सफर, १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात भाग आणि तुरुंगवास, १९३७ मध्ये परळ भागात बहुजन विहार, पुढे काशी आणि सारनाथ. हा सर्व वृत्तांत सविस्तर देण्यास येथे जागा नाही. रशियात त्यांनी नवा समाज घडविण्याचा प्रयत्न पाहिला, त्याचे त्यांना आकर्षण वाटले. पण शस्त्राच्या बळावर उभे राहिलेले सुख त्यांना पटले नाही. हिंदी संस्कृति आणि अहिंसा या १९३५ च्या पुस्तकात त्यांची ही घालमेल स्पष्ट दिसते. एकट्याने गुहेत बसून दुःखमुक्त व्हावयाचे आणि गिरणीत राबणाऱ्याचे दुःख तसेच राहू द्यावयाचे, हा सौदा त्यांना आता मान्य होण्यासारखा नव्हता.

यातूनच त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठे लेखन निर्माण झाले. भगवान बुद्ध हा ग्रंथ १९४०-४१ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यांनी वयाची चौसष्टी गाठली होती. आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेली कथा अशी : राजपुत्र रथातून निघाला, वाटेत म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी पाहिला, वैराग्य उपजले आणि मध्यरात्री निजलेल्या बायकोमुलाकडे एकवार पाहून तो गुपचूप निघून गेला. धर्मानंदांनी ही कथा मूळ पाली ग्रंथांवर घासून पाहिली. त्यांना असे आढळले की, चार दृश्यांची ती गोष्ट मुळात विपस्सी नावाच्या पूर्वीच्या बुद्धाविषयी सांगितलेली आहे. गौतमाच्या चरित्रात ती मागाहून शिरली. शुद्धोदन हा चक्रवर्ती राजा नव्हता; शाक्यांचे गणराज्य होते आणि तेही कोसल देशाच्या वर्चस्वाखालील. अरियपरियेसन सुत्तात तर स्पष्ट म्हटले आहे की, आईबाप अश्रू ढाळीत असताना त्याने केस कापून गृहत्याग केला. आईबाप जागे होते, रडत होते, त्यांना ठाऊक होते. मग मध्यरात्रीची चोरवाट कोठे राहिली?

आणि तो गेला कशासाठी? सुत्तनिपातातील अत्तदंड सुत्ताकडे धर्मानंदांनी बोट दाखविले. थोड्या पाण्यातील माशांप्रमाणे माणसे एकमेकांवर उलटलेली पाहून आपणास भय वाटले आणि वैराग्य आले, असा त्यातील आशय आहे. शाक्य आणि कोलिय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून होणारा कलह त्यांनी या जागी जोडून घेतला. शेतीच्या पाण्यासाठी भाऊबंदांवर शस्त्र उगारावयाचे नाही, असे एका तरुणाने ठरविले. त्या निश्चयातून गृहत्याग निघाला आणि गृहत्यागातून बोध. १९५७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा बुद्ध आणि त्यांचा धम्म हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यातही गृहत्यागाचे कारण म्हणून रोहिणीच्या पाण्याचा वादच येतो. आपल्यापैकी ज्यांच्या घरी गावाकडच्या पाटाच्या पाण्यावरून, बांधावरून, माडांच्या वाटणीवरून दोन-दोन पिढ्या कोर्टकज्जे चालले आहेत, त्यांना हा सिद्धार्थ रथातल्या राजपुत्रापेक्षा अधिक ओळखीचा वाटेल.

विद्वानांत या उपपत्तीविषयी मतभेद आहेत. भिक्षुसंघाच्या श्रद्धेला ती पचावयास जड गेली. बुद्धाच्या आणि महावीरांच्या काळच्या आहाराविषयी याच ग्रंथात जे लिहिले, त्यावरून जैन समाजात मोठी खळबळ उडाली आणि धर्मानंदांना पुष्कळ रोष पत्करावा लागला. त्यांच्या पुत्राने, म्हणजे थोर गणिती आणि इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी, वडिलांच्या वाटेने बुद्धाकडे न जाता कार्ल्याच्या लेण्यांकडे, जुन्या व्यापारी मार्गांकडे आणि नांगराच्या इतिहासाकडे पाहिले; त्यांच्या दृष्टीने बौद्ध धर्माचे यश हा एका बदलत्या समाजाचा प्रश्न होता. एकाच घरात, एकाच पालीवर पोसलेल्या पितापुत्रांचे हे अंतर. वडिलांना ते खुपले असेल असे मला वाटत नाही. पुराव्यावाचून काही मानू नये, हे शिक्षण त्यांनीच दिलेले होते.

अखेरच्या वर्षांत ते पार्श्वनाथाकडे वळले. अहिंसा, सत्य, अस्तेय आणि अपरिग्रह या चार यामांचा उपदेश करणारा हा महावीरपूर्व तीर्थंकर. बुद्धाच्या मार्गाचे मूळही याच चातुर्यामात आहे, असे त्यांचे मत झाले होते. शरीर रोगांनी जर्जर झाले होते. ज्या देहाकडून काही सेवा घडत नाही, तो इतरांवर भार टाकून टिकवू नये, या विचाराने त्यांनी प्रायोपवेशनाचा संकल्प केला. १९४६ मध्ये उपोषण सुरूही झाले. पण गांधीजींच्या आग्रहास मान देऊन त्यांनी ते सोडले. पुढे ते सेवाग्रामच्या आश्रमात आले, तेथे अन्न पुन्हा बंद केले आणि ४ जून १९४७ रोजी शांतपणे देह ठेवला. दिल्लीत देशाच्या फाळणीची बोलणी ऐन भरात होती. त्या धामधुमीतही गांधीजींनी दुसऱ्या दिवशीच्या प्रार्थनासभेत त्यांचे स्मरण केले.

या मरणाविषयी माझे मन आजही एका ठिकाणी स्थिर नाही. ज्याने आयुष्यभर बुद्ध शिकविला, त्यास हे ठाऊक नव्हते असे कसे म्हणावे की, सिद्धार्थाने उपोषणाने देह झिजविण्याचा मार्ग सोडला, अन्न घेतले आणि त्यानंतरच त्याला बोध झाला? पार्श्वनाथाच्या परंपरेत मात्र हाच देहत्याग पवित्र गणला आहे. गांधीजींनी प्रथम अडविले आणि नंतर गौरविले, त्या अर्थी त्यांच्याही मनात दोन्ही बाजू असाव्यात. आमच्या घरी ही बातमी कळल्याची हकिकत आजी सांगत असे. आजोबा बराच वेळ काही बोलले नाहीत. आजीने मात्र लगेच विचारले की, बाळाबाई कोठे आहेत आणि त्यांना कोणी कळविले का. आजोबांना ते ठाऊक नव्हते.

पार्श्वनाथाचा चातुर्याम धर्म हे पुस्तक आणि बोधिसत्त्व हे नाटक ही दोन्ही त्यांच्या पश्चात १९४९ मध्ये प्रसिद्ध झाली. नाटकात रोहिणीच्या पाण्याचा तोच कलह रंगविलेला आहे. हार्वर्डचा विसुद्धिमग्ग १९५० मध्ये बाहेर पडला. वॉरन यांच्या नावाखाली त्यावर धर्मानंद कोसंबी हे नाव छापलेले आहे.